इंग्रजी शब्दांचे अर्थ, उच्चार आणि पातळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीकडे वळलेल्यांना मी बरीच वर्षं शब्द शिकवते आहे. शिकवणी संपली तरी प्रश्न थांबत नाहीत. रात्री उशिरा फोनवर एखाद्या शब्दाचा फोटो येतो आणि खाली एवढंच असतं, "मॅडम, हे काय लिहिलंय?" वेगवेगळ्या गावांतून तेच प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्याकडे इंग्रजी-मराठी डिक्शनरी आहे. मग इंग्रजी-इंग्रजी कशाला?

दोन्ही ठेवा. मराठी अर्थ बघूच नका, असं मी कधी सांगत नाही. नवा शब्द भेटला की मराठी अर्थाने तो पटकन ओळखीचा होतो. अडचण येते ती तो वापरायला घेतल्यावर. एका विद्यार्थ्याने मला त्याच्या वहीचं पान पाठवलं होतं. सुवाच्य अक्षरात पन्नास शब्द, समोर मराठी अर्थ. त्यात चौथ्या ओळीवर 'कन्व्हिन्स – पटवणे' आणि अकराव्या ओळीवर 'पर्स्वेड – पटवणे'. दोन्ही अर्थ बरोबर, पण वाक्य करताना कुठला शब्द घ्यायचा ते या वहीतून कधीच कळणार नाही. आईने बाबांना गाडी घ्यायला राजी केलं, ते पर्स्वेड. गाडी चांगली आहे याची बाबांची खात्री पटली, ते कन्व्हिन्स. हल्ली इंग्रजीत कन्व्हिन्स पहिल्या अर्थानेही वापरतात, पण पर्स्वेडचा कल कृतीकडे आणि कन्व्हिन्सचा खात्रीकडे आहे. हा कल इंग्रजी व्याख्येत आणि तिच्याखालच्या उदाहरणांत दिसतो.

२. इंग्रजी व्याख्याच कळत नाही. एका शब्दासाठी आणखी चार शब्द शोधावे लागतात. काय करू?

कोश बदला. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांचे कोश वेगळे आणि परकी भाषा म्हणून ती शिकणाऱ्यांचे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला लर्नर्स डिक्शनरी म्हणतात, आणि त्याची घडण इंग्लंडबाहेरच्या वर्गांत झाली. मायकेल वेस्ट ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होते. त्यांच्या १९३५ च्या कोशात सुमारे २४,००० नोंदी आहेत आणि त्या सगळ्या समजावून सांगायला त्यांनी फक्त १,४९० शब्द वापरले. ए. एस. हॉर्न्बी जपानमध्ये शिकवत. त्यांचा कोश १९४२ साली टोकियोत निघाला, १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापला, आणि आज ज्याला आपण ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी म्हणतो तो हाच. मोल्सवर्थने १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश केला तो मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजांच्या गरजेतून. बाहेरून येणाऱ्याला ठेच कुठे लागते हे जाणून केलेलं हेही तसंच काम आहे.

लाँगमनच्या १९७८ च्या कोशाने व्याख्यांसाठी सुमारे २,००० शब्दांची मर्यादा घालून घेतली. कॉलिन्स कोबिल्डने १९८७ मध्ये आणखी पुढे जाऊन व्याख्याच पूर्ण वाक्यात लिहिली: 'तुम्ही एखाद्याला अमुक करायला पर्स्वेड करता, तेव्हा तुम्ही त्याला कारणं देता आणि तो ते करतो', साधारण अशा धाटणीची. पहिल्यांदाच इंग्रजी-इंग्रजी कोश हातात घेणाऱ्याला मी हीच पद्धत सुचवते, कारण व्याख्येतच शब्द कसा वापरायचा हे दिसून जातं.

३. एका शब्दाच्या नोंदीत इतक्या खुणा असतात. वाचायचं काय?

'ॲड्रेस' घेऊ, तो सगळ्यांना माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं. आधी स्पेलिंग: डी दोनदा, एस दोनदा. मग तिरक्या रेघांमध्ये उच्चार (त्याच्या खुणा प्रश्न ९ ते ११ मध्ये). मग शब्दाची जात: नाम. त्यापुढे चौकटी कंसात 'सी', म्हणजे मोजता येणारं नाम. पातळी ए१ (प्रश्न ४). अर्थ: पत्ता. इथे बहुतेक जण कोश मिटतात.

खाली वाचा. नामाचाच आणखी एक अर्थ आहे, सभेपुढचं औपचारिक भाषण. मग क्रियापद सुरू होतं आणि पातळी एकदम बी२. पाकिटावर पत्ता घालणे, सभेला उद्देशून बोलणे, एखाद्याला अमुक नावाने हाक मारणे, आणि वर्तमानपत्रात रोज दिसणारा अर्थ: एखाद्या प्रश्नाची दखल घेऊन त्यावर काम करणे. 'ॲड्रेस द प्रॉब्लेम' म्हणजे समस्येचा पत्ता शोधणं नव्हे, हे मला वर्गात दर वर्षी सांगावं लागतं. शेवटी उदाहरणं. ती नीट पाहिलीत तर कळेल की 'ॲड्रेस' आणि 'ऑडियन्स' यांच्यामध्ये 'टू' येत नाही. आपण तो घालतो, कारण मराठीत आपण 'श्रोत्यांना', 'श्रोत्यांशी' असं बोलतो.

एक नोंद अशी पूर्ण वाचायला चार-पाच मिनिटं लागतात. दिवसाला तीन शब्द असे वाचले तरी पुष्कळ झालं.

४. शब्दापुढे ए१, बी२, सी१ असं लिहिलेलं असतं. हे काय?

युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषा शिकणाऱ्यांच्या सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. ए१ चा माणूस नाव-गाव सांगतो, साधे प्रश्न विचारतो. बी१ चा प्रवासात आणि रोजच्या कामात निभावून नेतो. बी२ चा आपलं मत कारणांसह मांडतो. सी१, सी२ चा अवघड मजकूर वाचतो आणि बारकाव्यांसह बोलतो. मुळात हे वर्णन माणसाचं आहे. 'या पायरीच्या माणसाला कुठले शब्द येतात' हे नंतर शोधलं गेलं आणि मग ती चिठ्ठी शब्दांना लागली. त्यामुळे शब्दापुढचं बी२ ही त्या शब्दाची शिकण्याच्या वाटेवरची जागा समजा. लांब किंवा अवघड स्पेलिंगशी तिचा संबंध नाही.

५. एका डिक्शनरीत शब्द बी१ आहे आणि दुसरीत बी२. खरं कोणाचं?

दोघांचंही, कारण दोघे वेगळी गोष्ट मोजतात. केंब्रिजच्या इंग्लिश व्होकॅब्युलरी प्रोफाइल या यादीमागे परीक्षार्थींनी लिहिलेल्या उत्तरपत्रिकांचा प्रचंड साठा आहे. त्यातून शिकणारे कुठल्या पायरीवर कुठला शब्द प्रत्यक्ष वापरू लागतात ते दिसतं. ऑक्सफर्ड ३००० आणि ऑक्सफर्ड ५००० या याद्या ठरवताना इंग्रजी मजकुरात तो शब्द किती वेळा येतो आणि शिकणाऱ्याच्या किती कामाचा आहे, हे पाहिलं जातं. पहिल्या यादीत ए१ ते बी२ चे शब्द आहेत, दुसरीत त्यापुढचे आणखी २,०००, बी२ आणि सी१ चे. एका पायरीचा फरक आला तर तो सोडून द्या.

लाँगमनच्या कोशात 'एस१', 'डब्ल्यू३' असंही दिसेल. तो पातळीचा आकडा नाही. एस म्हणजे बोलण्यात आणि डब्ल्यू म्हणजे लिहिण्यात. आकडा १ असेल तर तो शब्द तिथल्या सर्वाधिक वापराच्या पहिल्या हजारात आहे, २ असेल तर दुसऱ्या, ३ असेल तर तिसऱ्या. मला ही खूण फार आवडते. निबंधात शोभणारा शब्द चहाच्या टपरीवर जड वाटेल की नाही, हे ती आधीच सांगून ठेवते.

६. एकाच शब्दाला दोन-तीन पातळ्या कशा असू शकतात?

पातळी शब्दाला नसते, अर्थाला असते. 'ॲड्रेस' आपण पाहिलाच (प्रश्न ३). 'बुक' नाम म्हणून ए१, पण तिकीट बुक करणे हे क्रियापद ए२. 'गेट' पहिल्या महिन्यात येतो, पण 'गेट अवे विथ', म्हणजे चुकीचं काही करूनही शिक्षेतून सुटणे, हा बऱ्याच पुढच्या पायरीचा आहे. 'मला तीन हजार शब्द येतात' असं कोणी म्हणालं की मी विचारते, त्यांचे किती अर्थ येतात? बी१ वर अडकलेल्या बहुतेकांना नव्या शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांचे न पाहिलेले अर्थ जास्त उपयोगी पडतात.

७. मी शोधलेल्या शब्दापुढे पातळीच नाही. डिक्शनरीत चूक आहे का?

चूक नाही. पातळी फक्त शिकणाऱ्यांच्या मुख्य याद्यांमधल्या शब्दांना मिळते, बाकीचे हजारो शब्द तसेच असतात. उदाहरणार्थ 'माँगूस'. हा शब्द इंग्रजीत मराठीतल्या मुंगसावरून गेला, सतराव्या शतकात. इंग्रजी कोशात त्याच्या व्युत्पत्तीत मराठीचं नाव लिहिलेलं असतं आणि ते वाचताना मला अजूनही आनंद होतो. त्याचं अनेकवचन मात्र 'माँगूसेस'. 'गूस'चं 'गीस' होतं म्हणून इथेही तसं करायला जाऊ नका, हंसाशी या प्राण्याचं काही नातं नाही.

८. मी बी१ ला आहे. मग सी१ चे शब्द शिकायचेच नाहीत का?

गरज असेल तर जरूर शिका. नर्सिंगच्या मुलीला तिच्या कामाचे शब्द पातळी न बघता लागतात, शेतमाल निर्यात करणाऱ्यालाही. उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्यांनी अकॅडेमिक वर्ड लिस्ट पाहावी. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली काढलेली ही यादी ५७० शब्दकुटुंबांची आहे आणि सगळ्या शाखांच्या अभ्यासपुस्तकांत येणारे शब्द तिच्यात आहेत.

पण आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे बरेच विद्यार्थी उलट्या बाजूने सुरुवात करतात. सी२ चे दोनशे शब्द पाठ करतात आणि निबंधात कोंबतात. ७ ते ८ बँड म्हणजे साधारण सी१, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. परीक्षक मात्र शब्द नेमका बसला की नाही ते बघतो. बी२ चा शब्द योग्य जोडीदारासह आला तर तो निबंध उचलून धरतो.

९. उच्चार देवनागरीत का देत नाहीत? त्या खुणा कशाला शिकायच्या?

देवनागरी आपली लिपी आहे आणि सुरुवातीला तिचा आधार घेण्यात काही गैर नाही. इंग्रजीसाठी आपण ॲ आणि ऑ ही चिन्हंसुद्धा घेतली, त्यामुळे बॅट आणि बेट आपण वेगळे लिहू शकतो. पण तीन ठिकाणी ती कमी पडते.

पहिलं ठिकाण व्ह. आपण 'व्हॅन' लिहितो आणि 'व्हाइट'ही लिहितो. पहिल्याची सुरुवात व्ही या अक्षराची, दुसऱ्याची डब्ल्यूची. इंग्रजीत हे दोन वेगळे आवाज आहेत, आपल्या लेखनात एकच अक्षर (फरक प्रश्न १२ मध्ये). दुसरं ठिकाण ऱ्हस्व-दीर्घ. लिहिताना आपल्याकडे दिन आणि दीन, सुत आणि सूत आहेत, पण बोलताना तो फरक आपण सहसा पाळत नाही. 'शिप' आणि 'शीप' मात्र बोलतानाच वेगळे ऐकू यावे लागतात, आणि लांबीबरोबर त्यांतला स्वरही बदलतो. तिसरं आणि सगळ्यांत मोठं: शब्दातला जोर कुठे पडतो हे देवनागरीत दिसतच नाही (प्रश्न ११).

कोशातल्या खुणा आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीच्या आहेत. ती ठरवणारी संस्था १८८६ मध्ये पॅरिसला स्थापन झाली. इंग्रजीला लागणारी चिन्हं पन्नासच्या आतबाहेर आहेत आणि त्यांतली निम्मी नेहमीचीच इंग्रजी अक्षरं आहेत. आठवडाभरात येतात.

१०. सगळीकडे एक उलटा ई दिसतो. तो कसा म्हणायचा?

त्याचं नाव श्वा. इंग्रजीत सर्वांत जास्त येणारा स्वर हाच आणि मराठी माणसासाठी सर्वांत सोपाही हाच, कारण तो जवळजवळ आपला 'अ' आहे, फक्त हलका आणि घाईत म्हटलेला. आवाज आपल्या तोंडात आधीच आहे. आपण स्पेलिंग पाहून त्या जागी भरघोस स्वर घालतो, इतकीच चूक होते.

'प्रॉब्लेम' म्हणतो, तिथे 'प्रॉब्लम' हवं. 'कपबोर्ड' म्हणतो, तिथे 'कबड'. 'कम्फर्टेबल'चे चार तुकडे करतो, तिथे सहसा तीनच ऐकू येतात: 'कम्फ्टबल'. 'व्हेजिटेबल'चेही तीनच. एकदा एका मुलीने वर्गात 'कम्फ्टबल' म्हटलं आणि थांबून विचारलं, "मॅडम, असं खाल्लेलं चालतं?" चालतं. त्याच शब्दाचा तो उच्चार आहे.

११. उच्चारात वर एक छोटी उभी रेघ असते. ती काय?

ही रेघ या सगळ्या पानावरची सर्वांत महत्त्वाची खूण आहे. तिच्या लगेच पुढचा तुकडा जोराने, थोडा लांबवून म्हणायचा. खाली असलेली रेघ म्हणजे दुय्यम जोर.

मराठीत जोर बदलला म्हणून शब्द बदलत नाही. 'करवत' कसंही म्हटलं तरी करवतच. इंग्रजीत 'रेकॉर्ड' पहिल्या तुकड्यावर जोर देऊन म्हटलं तर नाम, नोंद. दुसऱ्यावर दिला तर क्रियापद, आणि पहिला तुकडा आक्रसून 'रिकॉर्ड' होतो. 'प्रेझेंट', 'ऑब्जेक्ट', 'एक्स्पोर्ट' यांचंही तसंच.

एकाच घरातल्या तीन शब्दांत जोर कसा सरकतो पाहा. 'फोटोग्राफ' पहिल्या तुकड्यावर. 'फोटोग्राफी' दुसऱ्यावर, म्हणून ऐकू येतं 'फटॉग्रफी'. 'फोटोग्राफिक' तिसऱ्यावर. जोर गेला की उरलेले स्वर श्वा होतात, म्हणजे प्रश्न १० आणि ११ या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. आपल्याकडे हमखास चुकणारे: 'डेव्हलप', 'हॉटेल', 'इव्हेंट', 'कमिटी' यांचा जोर दुसऱ्या तुकड्यावर, 'कॅरेक्टर', 'कॅलेंडर', 'कॉलीग' यांचा पहिल्यावर. परदेशी माणसाला आपलं बोलणं कळलं नाही तर आपल्याला वाटतं की आपला ट किंवा ड चुकला. बहुतेक वेळा जोर चुकलेला असतो.

१२. व्ही-डब्ल्यू, झेड आणि टीएच हे आवाज कसे काढायचे?

आरसा घ्या. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात. डब्ल्यू म्हणताना दात कुठेच लागत नाहीत, शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ गोल होतात. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' दहा-दहा वेळा म्हणा.

झेडसाठी 'जहाज'मधला ज घ्या, 'जगणे'मधलाही तोच, पण 'जीवन'मधला नको. आता तोच ज जीभ दातांमागे न टेकवता, हवा घासत म्हणा. झाला झेड. टीएचला आपण थ किंवा द म्हणतो आणि भारतात ते कोणाला खटकत नाही. ऐकताना मात्र तो आवाज ओळखता आला पाहिजे: जिभेचं टोक दातांच्या कडेला आणि हवा घासत बाहेर.

१३. 'डेट'मध्ये बी का आहे, जर म्हणायचाच नाही?

कर्ज या अर्थाचा 'डेट' फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. नंतर लॅटिन जाणणाऱ्या पंडितांनी मूळ लॅटिन शब्दाची आठवण म्हणून तो लिहायला सुरुवात केली. 'रिसीट'मधला पी तसाच. 'नाइट'मधल्या केची गोष्ट उलटी आहे: योद्धा या अर्थाच्या त्या शब्दात के पूर्वी खरोखर उच्चारला जायचा, लेखनात राहिला आणि बोलण्यातून गेला.

१४. भूतकाळाचा ईडी कधी ट, कधी ड, कधी इड. नियम आहे का?

आहे आणि पक्का आहे. मूळ शब्द ट किंवा ड या आवाजाने संपत असेल तर इड: 'वॉन्टिड', 'नीडिड'. क, प, स, श, च, फ यांसारख्या अघोष, म्हणजे घसा न थरथरता निघणाऱ्या आवाजाने संपत असेल तर ट: 'वॉक्ट', 'हेल्प्ट', 'वॉच्ट'. बाकी सगळीकडे ड: 'प्लेड', 'ओपन्ड'. अपवाद काही विशेषणांत आहेत. विद्वान या अर्थी 'लर्निड' दोन तुकड्यांचा, 'नेकिड' आणि 'विकिड'ही दोन तुकड्यांचे. शिकला या अर्थी तेच स्पेलिंग एका तुकड्याचं.

१५. ब्रिटिश उच्चार धरू की अमेरिकन?

कुठलाही एक, आणि दुसरा ओळखू यावा इतपत ऐका. बोलताना मिसळ झाली तरी बिघडत नाही. लिहिताना एका अर्जात दोन्ही स्पेलिंगं नकोत. 'शेड्यूल' ब्रिटिश आणि 'स्केज्यूल' अमेरिकन, पण आता ब्रिटनमध्येही दुसरा ऐकू येतो. 'ऑफन' आणि 'ऑफ्टन' हे दोन्ही कोशात आहेत.

१६. ऑडिओत 'कॅन' ऐकू येतं, पण सिनेमात कोणीच तसं म्हणत नाही. का?

कोशात त्याचे दोन उच्चार दिलेले असतात: ठसठशीत आणि दुबळा. ऑडिओ बहुधा ठसठशीत रूपाचा असतो. वाक्यात मात्र 'कॅन'चा 'कन' होतो, 'टू'चा 'ट', 'अँड'चा नुसता 'न'. नकारात हे होत नाही: 'कान्ट' किंवा अमेरिकन 'कॅन्ट' नेहमी स्पष्ट म्हणतात. म्हणून वाक्यात भरदार 'कॅन' म्हटलं की अमेरिकन माणसाला ते 'कॅन्ट' वाटू शकतं, आणि आपण होकार दिला तरी त्याला नकार ऐकू येतो. फोनवर काम करणाऱ्यांनी हे जरूर घोकावं.

१७. 'फॉर्मल', 'इन्फॉर्मल', 'डिसअप्रूव्हिंग' अशी लेबलं असतात. ती वाचायची गरज आहे का?

मराठीत तुम्ही ती न शिकता वाचता. शेजारचे आजोबा गेले तर 'निधन झालं', 'वारले' आणि 'मेले' यांतलं काय कुठे म्हणायचं, हे तुम्हाला कोणी सांगावं लागत नाही. इंग्रजीत ती जाण अजून तयार झालेली नाही, म्हणून कोश ती लेबलातून देतो. 'पास अवे' सांत्वनाला, 'डाय' साधा, 'किक द बकेट' थट्टेचा. हा शेवटचा शोकसंदेशात लिहिला गेल्याचं मी पाहिलं आहे. लिहिणाऱ्याने वाक्प्रचारांच्या यादीतून तो उचलला होता आणि यादीत लेबल नव्हतं.

'स्लिम' म्हणजे सडपातळ आणि 'स्किनी' म्हणजे हडकुळा, म्हणून दुसऱ्यावर नापसंतीचं लेबल दिसतं. 'चाइल्डलाइक' निरागस, 'चाइल्डिश' पोरकट. 'कमेन्स' फॉर्मल आहे, मित्राला सिनेमा कधी सुरू होतो विचारताना तो नको.

१८. 'फर्निचर'चं अनेकवचन का होत नाही? घरात तर चार वस्तू आहेत.

कोशात 'फर्निचर'पुढे 'यू' लिहिलेलं असतं, म्हणजे मोजता न येणारं. इंग्रजी त्याकडे तांदळासारखं बघते, वस्तू कितीही असोत. 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'इक्विपमेंट', 'लगेज' ही सगळी यू. मोजायचं असेल तर 'अ पीस ऑफ' लावा. आपण 'सल्ले' आणि 'सामानं' म्हणतो, त्यामुळे एस आपोआप चिकटतो. काही शब्दांना यू आणि सी दोन्ही असतात आणि अर्थ बदलतो: 'पेपर' यू म्हणजे कागद, सी म्हणजे वर्तमानपत्र किंवा परीक्षेचा पेपर.

१९. 'प्रीपोन' चूक आहे का? आणि मराठीत रोज वापरतो ते इंग्रजी शब्द इंग्रजीत चालतात का?

'प्रीपोन' मोठ्या इंग्रजी कोशांत आहे, 'इंडियन इंग्लिश' या लेबलासह. लाख, कोटीसाठीचा 'क्रोर' हेही आहेत. भारतात बिनधास्त वापरा. बाहेरच्या माणसाला लिहिताना लेबल लक्षात घ्या, त्याला शब्द कळेलच असं नाही. 'पास आउट'ची जास्त काळजी घ्या. आपल्याकडे तो पदवी घेऊन बाहेर पडणे आहे, बाहेर त्याचा पहिला अर्थ बेशुद्ध पडणे.

मराठीत आलेल्या शब्दांनी मराठीत नवं घर केलं आहे आणि ते मराठी म्हणून बरोबरच आहेत. आपण हॉटेलात मिसळ खातो. इंग्रजीत हॉटेल राहण्याची जागा, खायला जायचं ते रेस्टॉरंट. गाडीच्या डिकीतली 'स्टेपनी' ब्रिटनमधल्या माणसाला सांगून पाहा, कळणार नाही. वेल्समधल्या लानेथ्ली गावातल्या स्टेपनी रस्त्यावरच्या कारखान्यात १९०४ च्या सुमारास हे जादा चाक निघालं. तिथे तो शब्द मागे पडला आणि आपल्याकडे गॅरेजपासून घरापर्यंत टिकला.

२०. घरात आजोबांची जुनी ऑक्सफर्ड आहे. ती वापरू का?

अर्थासाठी वापरा, उदाहरणांसाठी तर आवर्जून. उच्चाराच्या खुणा मात्र आवृत्तीगणिक बदलल्या आहेत, म्हणून आधी पुढच्या पानांवरचा खुणांचा तक्ता पाहा. पातळ्या (प्रश्न ४) तीत नसतील.

२१. आमचे सर एक उच्चार सांगतात आणि डिक्शनरी दुसरा. कोणाचं ऐकू?

हा प्रश्न सगळ्यांत संकोचाने विचारला जातो. मी स्वतः अकरावीपासून पुढे दहा वर्षं 'डिटरमाइन' म्हणत होते. कोशात 'डिटर्मिन' आहे, जोर मधल्या तुकड्यावर. ज्यांनी मला तो शब्द शिकवला त्यांनी फार मनापासून शिकवलं. त्यांनाही तो पुस्तकातच भेटला होता, कानावर कधी पडला नव्हता. तेव्हा आमच्या गावात तो ऐकायला कुठलं साधनही नव्हतं.

आता ते साधन खिशात आहे. आधी एका कोशावर थांबू नका, दोन बघा, कारण दोन्ही उच्चार मान्य असण्याची शक्यता असते (प्रश्न १५). तरीही फरक राहिला तर वर्ग संपल्यावर सरांकडे जा, फोन पुढे करा आणि म्हणा, "सर, हा एकदा ऐकता का?" माझ्याकडे अशी एक मुलगी आली होती, 'प्रनन्सिएशन' घेऊन. मी 'प्रोनाउन्सिएशन' म्हणत होते. आम्ही दोघींनी तो चार वेळा ऐकला, मग मी फळ्यावर लिहिला आणि 'नन्'खाली रेघ मारली.